साधनं मराठी, पुस्तकं इंग्रजी: महाराष्ट्रावरच्या नव्या अभ्यासग्रंथांबद्दल

बोरूबहाद्दर

आपल्याकडे पुस्तकांवर धागे निघतात ते कादंबऱ्यांवर, नाहीतर कुणीतरी कुणाबद्दल काहीतरी लिहिलं आणि गदारोळ झाला म्हणून. तळटिपांनी गच्च भरलेल्या पुस्तकांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. म्हटलं, आपणच काढावा. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राचा इतिहास, समाज आणि राजकारण यांवर इंग्रजीत बरीच चांगली विद्यापीठीय पुस्तकं आली. वाचलेल्यांपैकी मला महत्त्वाची वाटली त्यांबद्दल लिहितो. बाकीची तुम्ही भरा.

सुरुवात प्राची देशपांडे यांच्या ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’पासून (२०२३). त्यांचं आधीचं ‘क्रिएटिव्ह पास्ट्स’ (२००७) इथल्या काहींनी वाचलं असेल. बखरींपासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंत मराठेशाहीची आठवण कशी घडत गेली, याचा तो अभ्यास होता. नव्या पुस्तकाचा नायक मात्र ना राजा, ना सरदार. तो आहे मोडी लिहिणारा कारकून.

मोडीकडे आपण वाटेतला अडथळा म्हणून बघतो. कुणीतरी लिप्यंतर करून दिलं की मोडीचं काम संपलं, मजकूर हातात आला. देशपांडे लिहिण्याच्या कृतीलाच इतिहासाचा विषय करतात. हिशेब कसा मांडायचा, कुणाला कुठला मायना लावायचा, हे कारकुनाला शिकवणारी मेस्तकं असत आणि ती हेमाडपंताच्या नावावर चालत. सरदार बदलले, स्वाऱ्या हरल्या, तरी रुमाल (कागदांचे गठ्ठे) बांधणारे हात तेच राहिले. राज्य चालतं ते या हातांवर, आणि या हातांना ते पक्कं ठाऊक होतं! पुढे छापखाना आला, बाळबोध (देवनागरी) जिंकली आणि मोडी हस्ताक्षरापुरती उरली. हा सगळा प्रवास वाचताना ‘भाषेचा अभिमान’ या आपल्या आवडत्या विषयाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं, कारण ज्या लिपीत शतकानुशतकं कारभार झाला ती आपण फार खळखळ न करता सोडून दिली.

दुसरं जॉन क्यून यांचं ‘शेअर्ड डिव्होशन, शेअर्ड फूड’ (२०२१). विषय एकनाथ, खरं तर एकनाथांची पंगत. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी अस्पृश्य कुटुंबाला वाढला, पैठणचे ब्रह्मवृंद रुसले आणि पितर स्वतःच जेवायला उतरले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. राण्या महाराच्या घरी नाथ जेवले, तीही. क्यून या कथांचा माग काढतात: महिपतीच्या आधीचे चरित्रकार, मग अठराव्या शतकातला महिपती, मग नाटकं, मग प्रभातचा ‘धर्मात्मा’ (१९३५). मूळ कथांमध्ये नाथांनी नेमकी कुठली रेष ओलांडली हे मुद्दाम धूसर ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं. नाथ चुकले की बरोबर होते, याचा निवाडा कथा करत नाही. देवाला चमत्कार करायला लावते आणि सगळ्यांची सुटका करते. प्रत्येक काळानं मग आपल्याला हवा तो अर्थ घेतला. ‘वारकरी संत समतावादी होते की नव्हते’ या आपल्या नेहमीच्या भांडणावर हा मला सापडलेला सगळ्यात कामाचा उतारा आहे, कारण प्रश्नच कसा चुकीचा मांडला जातो ते तो दाखवतो.

तिसरं शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२), तमाशातल्या दलित स्त्रियांवर. पाईक यांना २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा बातम्या आल्या, पण पुस्तकात काय आहे यावर मराठीत त्या मानानं फारच कमी बोललं गेलं. पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई यांच्यावरचा भाग तर वाचायलाच हवा. बापूराव ब्राह्मण, रेठऱ्याचे कुलकर्णी. पवळा हिवरगावची, महार समाजातली. रसिकांनी दोघांना एकत्र डोक्यावर घेतलं, पण बापूराव शाहीर म्हणून अमर झाले आणि पवळाच्या वाट्याला काय आलं, हा पाईक यांचा प्रश्न.

जुनेद शेख यांचं ‘आऊटकास्ट बॉम्बे’ (२०२१) मुंबईतली घरं, गिरण्या, कम्युनिस्ट आणि दलित लेखक यांना एका धाग्यात ओवतं. त्याबद्दल सवडीनं.

आता माझी मूळ तक्रार. या सगळ्यांची साधनं मराठी आहेत: मोडी रुमाल, ओव्या, वग, वर्तमानपत्रं. आणि वाद चाललाय इंग्रजीत. ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते या वादात नाहीत.

घाटावरचा

लेख आवडला, पण एक विचारतो. कारकून, पंगत, तमाशा. मोहिमांवर कुणी लिहीत नाही का हल्ली? पालखेड, पानिपत, वसई हे सगळं लिहून संपलं का? इतिहास म्हणजे शेवटी कोण जिंकलं आणि का जिंकलं हे असतं. कारकुनाच्या बोरूवर साडेतीनशे पानं कोण वाचणार?

बोरूबहाद्दर

@घाटावरचा, मी वाचली की! आणि कोण का जिंकलं याचं उत्तर कित्येकदा कारकुनाच्याच कागदात असतं. पगार थकले की फौज पांगते. ते थकल्याची नोंद कोण करतो?

दप्तरबंद

मोडी वाचणारा म्हणून दोन शब्द. (वर्गात शिकलो, पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा आहे.)

लिप्यंतर झालं की काम संपलं, ही समजूत किती घातक आहे ते महजरावरून सांगतो. गावच्या वतनाचा तंटा निवडताना महजर, म्हणजे साक्षीदारांच्या निशाण्यांसह केलेला निवाड्याचा कागद, होई. खाली पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो आणि बलुतेदारांच्या नावापुढे त्यांची त्यांची हत्यारं. आपण छापील खंडात वाचतो तेव्हा तिथे फक्त ‘निशाणी नांगर’ एवढं येतं. मूळ कागद हातात घेतला की कुणाचा नांगर मोठा, कुणाची निशाणी कोपऱ्यात कोंबलेली, कुणाची नंतर वेगळ्या शाईनं घातलेली, हे दिसतं. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ला काढला, पुढे बावीस खंड झाले. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेले पंचेचाळीस खंड १९३०च्या दशकात आले. त्या माणसांचे उपकार फिटणार नाहीत. पण छापताना निवड झाली, आणि निवडीत राजकारण, लढाया, कारस्थानं वर आली. न छापलेलं अफाट आहे आणि त्यात बहुतेक हिशेबच आहेत. ‘कारकुनाचा इतिहास’ हा काही नवा शौक नाही. दप्तर उघडल्यावर समोर तोच उभा असतो.

अवांतर: शिवकालीन वळणापेक्षा इंग्रजी अमदानीतलं मोडी वाचायला जास्त त्रास देतं. लिहिणारे घाईत होते हे अक्षरात दिसतं.

ओसरी

@दप्तरबंद, सुंदर प्रतिसाद. एक शंका. आमच्या घरी इनामाचे काही कागद आहेत. एका जाणकारांनी ते बघून ‘हे नक्कल आहेत, अस्सल नाहीत’ असं म्हणून बाजूला ठेवले. नक्कल म्हणजे निरुपयोगी का?

दप्तरबंद

अजिबात नाही, ओसरीताई. १८५२च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क कागदानं सिद्ध करायची वेळ आली. तेव्हा ठिकठिकाणी नकला झाल्या. काही खऱ्या, काही मागाहून ‘तयार’ केलेल्या. १७५० सालच्या इनामाबद्दल तुमचा कागद कमकुवत पुरावा असेल. पण १८५५च्या सुमारास तुमच्या पणजोबांच्या आजोबांची कशी धावपळ झाली, याचा तो उत्तम पुरावा असू शकतो. कागद खोटा असला तरी तो का करावा लागला हे खरंच असतं. फाडू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका.

सातासमुद्रापार

वाखुसा (वाचनखूण साठवली).

बोरूभाऊ, एक उपयुक्त माहिती. क्यून यांचं पुस्तक ओपन अ‍ॅक्सेस आहे, म्हणजे कायदेशीररीत्या फुकट उतरवून घेता येतं. तेव्हा निदान त्याबाबत ‘किंमत परवडत नाही’ हे कारण चालणार नाही. :)

यादीत भर: ख्रिश्चन नोव्हेट्झके यांचं ‘द क्वोटिडियन रेव्होल्यूशन’ (२०१६). यादवकाळात मराठीत लिहिणं सुरू झालं ते दरबारी कवींमुळे नव्हे, असा त्यांचा मुद्दा. ‘लीळाचरित्र’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ शेजारी ठेवून ते वाचतात. रोजच्या जगण्याची भाषा, बायका-शूद्रांपर्यंत पोचणारी भाषा, ग्रंथात आली तेव्हा नेमकं काय बदललं आणि काय बदललं नाही, हे दोन्ही सांगतात. ‘काय बदललं नाही’ हा भाग आपल्याकडच्या गौरवग्रंथांत गळतो.

घाटावरचा

क्यून, नोव्हेट्झके... आमचे संत आम्हाला समजावून सांगायला मिशिगनहून माणसं यावी लागतात? की इथल्यांना हल्ली लिहायची भीती वाटते? जेम्स लेन प्रकरण विसरलात का लोकहो? २००३ला त्यांचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक मागे घेतलं गेलं, जानेवारी २००४ला पुण्याची भांडारकर संस्था फोडली. मग कोण हात घालणार अशा विषयाला!

ओसरी

पुस्तक कुणी लिहिलं आणि कुठे बसून लिहिलं यापेक्षा पुरावा काय दिलाय ते बघावं. देशपांडे आणि पाईक याच मातीतल्या आहेत, हेही वर आलंच आहे. आणि उलट दिशेचं उदाहरण घ्या. रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ १९८४ला आलं, अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ते इंग्रजीत नेलं. याच फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर जुन्या मराठीचा कोश केला. चक्रधरांची भाषा वाचायला बसणाऱ्या कुणालाही, तो सदाशिव पेठेतला असो की शिकागोतला, तो कोश उघडावा लागतो. हे देणंघेणं आहे, आक्रमण नव्हे.

भांडारकरचं म्हणाल तर नुकसान लेनचं झालं नाही. पोथ्यांचं झालं.

संपादक, चावडी

लेन प्रकरणावर पूर्वी दोन धागे होऊन कुलूपबंद झालेले आहेत. इथे पुस्तकांवरच बोलावं ही विनंती. त्यानंतरचे दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत.

शंकासुर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) झालेल्यांपैकी एक माझा होता, असो.

मी या पुस्तकांचा भक्त नाही, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. एक, भाषा. पानभर सिद्धान्त, मग अर्धा परिच्छेद पुरावा. पाईक यांच्या पुस्तकातली माणसं जिवंत आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत परिभाषेचं काटेरी कुंपण ओलांडावं लागतं. दोन, ही पुस्तकं एकमेकांशी बोलतात. य. दि. फडके यांनी ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ खंडामागून खंड काढत साध्या मराठीत लिहिलं, आणि ते वाचून आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या लोकांना राजकारण कळलं. त्या जागी आज कोण आहे? तीन, क्यून यांच्या ‘धूसरपणा’बद्दल. आंबेडकरांनी, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’वर गांधींनी घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देताना, याच एकनाथांचा आणि याच ‘धर्मात्मा’ चित्रपटाचा उल्लेख केलाय. नाथांनी अस्पृश्यांना शिवलं, त्यांच्याबरोबर जेवले, पण जातीला विरोध म्हणून नव्हे. विटाळ गंगास्नानानं धुऊन निघतो या समजुतीनं, असं त्यांचं म्हणणं. संतांनी माणूस देवापुढे समान म्हटला, माणसापुढे नाही, हा त्यांचा निवाडा स्वच्छ आहे. त्यात धूसर काहीही नाही. अभ्यासकाला धूसरपणा मोहक वाटतो. पंगतीबाहेर बसलेल्याला तो तसा वाटत नाही.

बोरूबहाद्दर

@शंकासुर, तिसरा मुद्दा दमदार आहे. पण क्यून आंबेडकरांना टाळत नाहीत. समतेच्या कसोटीवर संतांना घासून बघणं ही आधुनिक काळाची, आणि अगदी रास्त, गरज आहे. महिपतीला मात्र ती गरज नव्हती, त्याला वेगळंच काहीतरी सांभाळायचं होतं, एवढाच त्यांचा मुद्दा मला दिसतो. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. ‘धर्मात्मा’चीच गंमत बघा. मूळ नाव ‘महात्मा’, सेन्सॉरनं बदलायला लावलं. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. १९३५ साली पडद्यावर वाढली गेलेली ती पंगत पैठणची राहिलीच नव्हती, ती थेट पुणे कराराच्या नंतरच्या महाराष्ट्राची होती.

पहिले दोन मुद्दे मान्य.

सातासमुद्रापार

+१ शंकासुर, फडक्यांबद्दल.

आंबेडकरांचा विषय निघालाच आहे तर अशोक गोपाळ यांचं ‘अ पार्ट अपार्ट’ (२०२३) सुचवतो. जाडजूड चरित्र आहे, पण भाषा सरळ. महत्त्वाचं म्हणजे ते ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ यांतल्या मराठी मजकुरावर भरपूर आधारलेलं आहे. इंग्रजीतले आंबेडकर म्हणजे घटना, अर्थशास्त्र आणि मोठे ग्रंथ. मराठीतले आंबेडकर उपरोधिक आहेत, चिडतात, म्हणी वापरतात, समोरच्या गर्दीला दटावतात. बाहेरच्या वाचकाला हा माणूस फारसा भेटलाच नव्हता. इथे मराठी साधनांमुळे इंग्रजी वाचकाचा फायदा झाला.

आनंद तेलतुंबडे यांचं ‘आयकॉनोक्लास्ट’ही २०२४ला आलं. ते अधिक वादग्रस्त, त्यावर भांडायला माझी तयारी आहे, पण आज नाही.

मांडवीकाठी

गोंयकाराची हजेरी लावून जाते. महाराष्ट्र म्हणता म्हणता आम्हाला नेहमीप्रमाणे विसरलात!

गोवा विद्यापीठातले पराग परोब यांचं ‘इंडियाज फर्स्ट डेमोक्रॅटिक रेव्होल्यूशन’ (२०१५), विषय भाऊसाहेब बांदोडकर आणि बहुजनांचा उदय. नवं म्हणावं इतकं नवं नाही, पण घाटापलीकडे कुणी वाचलेलं भेटत नाही. तुमच्याकडे भाऊसाहेबांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष म्हणजे ‘विलीनीकरणवाले’ (गोवा महाराष्ट्रात घाला म्हणणारे), जनमत कौलात हरलेले, विषय संपला. परोब तो चष्मा काढायला लावतात. १९६३च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. पोर्तुगीज जाऊन जेमतेम दोन वर्षं, आणि लोकांनी शेणवी-सारस्वत भाटकारांना (जमीनदारांना) नव्हे, तर गोमंतक मराठा समाजातल्या एका खाणमालकाच्या पक्षाला सत्तेवर बसवलं. कुळं, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे), गावोगावच्या मराठी शाळा या सगळ्यातून जे उलथंपालथं झालं ती परोबांची ‘क्रांती’. १६ जानेवारी १९६७ला विलीनीकरण नाकारलं गेलं, तरी भाऊसाहेब पुन्हा निवडून आलेच ना? १९७३ला जाईपर्यंत तेच मुख्यमंत्री. म्हणजे लोकांना त्यांच्याकडून हवं होतं ते विलीनीकरणापेक्षा वेगळं काहीतरी होतं. मराठी-कोंकणीच्या भांडणात हे कायम झाकलं जातं. (भांडायला येऊ नका, मी घरात कोंकणी बोलते आणि भजन मराठीत म्हणते.)

त्याआधीच्या काळासाठी आंजेला बार्रेतो शावियेर. मूळ पोर्तुगीज ग्रंथ २००८चा, इंग्रजी २०२२ला आलं. आमच्या गावांचा इतिहास आमच्यापर्यंत लिस्बनहून इंग्रजीमार्गे पोचतो.

ओसरी

मांडवीताई, झकास. खाणमालक बहुजनांचा पुढारी कसा झाला, हा प्रश्न पुस्तकात सुटतो का?

मांडवीकाठी

सुटतो म्हणण्यापेक्षा भिडतो. पैसा होता म्हणून तो भाटकारांना न विचारता देवळाला, शाळेला, खेळाला देणगी देऊ शकला. प्रतिष्ठा मिळवायचा तो मार्ग पूर्वी ठरावीक घरांपुरता होता.

शंकासुर

बोरूभाऊंच्या मूळ तक्रारीकडे येतो. वाद इंग्रजीत चाललाय हे खरं, पण त्यावर ‘भाषांतर व्हायला हवं’ एवढं म्हणून थांबू नये. का व्हायला हवं? ज्ञानाची गंगा वगैरे जाऊ द्या.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ला लंडनला छापला गेला. थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड कॅपननं त्याचं मराठी केलं आणि ते इथे वाचलं जाऊ लागलं. १८६०च्या दशकात नीलकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजातल्या पोरानं ग्रँट डफच्या चुका मराठीत काढून दाखवल्या. डफनं कुठले कागद बघितले, कुठल्या बखरीवर नको तितका विश्वास ठेवला, मूळ साधनं छापलीच पाहिजेत, हे सगळं. पुढे राजवाड्यांपर्यंत जी परंपरा गेली तिची सुरुवात या खोडून काढण्यात आहे. कीर्तन्यांना इंग्रजी येत होतं, पण त्यांच्या वाचकांनी डफ मराठीत वाचलेला होता. म्हणून टीका कुणावर आहे ते कळत होतं.

आज पाईक किंवा क्यून यांच्यावर मी मराठीत टीका लिहिली तर वाचणार कोण? मूळ पुस्तकच वाचकाकडे नाही. मी आधी दहा पानं सारांश लिहायचा, मग दोन पानं टीका. त्यातून होतं काय, एकतर सारांश छापून येतो, नाहीतर ‘अमुकतमुक बाईंनी आपल्या संस्कृतीची बदनामी केली’ असा न वाचता केलेला आरडाओरडा. मधलं काही उरत नाही. मला भाषांतर हवंय ते भांडता यावं म्हणून.

बोरूबहाद्दर

हे मला सुचायला हवं होतं. मूळ लेखात ‘तक्रार’ म्हणून जे लिहिलं त्यापेक्षा हे कितीतरी नेमकं आहे.

दप्तरबंद

सहमत. पण भाषांतर करणार कोण? अशा पुस्तकाच्या भाषांतरकाराला मोडी, जुनी मराठी, शास्त्रीय परिभाषा हे सगळं यावं लागतं. इंग्रजीत अवतरलेल्या मराठी उताऱ्याचं पुन्हा मराठी करायचं नसतं, मूळ उतारा शोधून जसाच्या तसा लावायचा असतो. म्हणजे अर्धं काम पुन्हा दप्तरात. मानधन ऐकाल तर रडाल.

ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले. त्यातून निधी येईल तेव्हा कमानी आणि संमेलनं यांच्या आधी दरवर्षी पाचच ग्रंथांची अशी भाषांतरं काढली, तरी खूप झालं.

ओसरी

तोवर आपण इथेच काहीतरी करू. पूर्ण भाषांतर नको, कॉपीराइटची भानगड आहे. एकेक प्रकरण वाचून परिचय आणि आक्षेप, दोन्ही. क्यून फुकट आहे तर त्यापासून. महिपतीवरचा भाग मी घेते. ‘भक्तविजय’ घरात आहे, मूळ ओव्या शेजारी लावता येतील.

सातासमुद्रापार

नाटक-सिनेमाचं प्रकरण माझं. ‘धर्मात्मा’ पुन्हा बघायला निमित्त!

नवखा_वाचक

पहिलाच प्रतिसाद. यादीत जानकी बखले यांचं सावरकरांवरचं पुस्तक (२०२४) कसं नाही? कविता आणि पोवाडेसुद्धा मराठीतून वाचून लिहिलंय.

संपादक, चावडी

स्वागत. त्यावर स्वतंत्र धागा काढा. शक्यतो मी जागा असताना.

घाटावरचा

तुमचं चालू द्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. लढायांवर नवं काय?

दप्तरबंद

नवं नाही, पण तुमच्यासाठीच लिहिलंय असं एक आहे: रँडॉल्फ कूपर यांचं ‘द अँग्लो-मराठा कँपेन्स अँड द कॉन्टेस्ट फॉर इंडिया’ (२००३). १८०३ची असईची लढाई, तुमच्या जालन्याकडची. शिंद्यांचा तोफखाना इंग्रजांपेक्षा मागासलेला होता ही समजूत कूपर मोडीत काढतात. तोफा उत्तम होत्या, गोलंदाज जागेवरून हलले नाहीत. इंग्रजांनी बाजी मारली ती पैशावर. शिंद्यांच्या पदरचे गोरे अधिकारी फोडले, सैनिकांचा बाजारच आपल्या ताब्यात घेतला.

घाटावरचा

म्हणजे परत हिशेबच.

बरं, मिळतं कुठे?